वॉटर्लूच्या आधी अडगाव

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वॉटर्लूच्या लढाईवरचा लेख वाचला, चांगला होता, नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन कोण होता काय होता सगळं आलं, पण एक गोष्ट यायला पाहिजे होती ती आली नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. हाच वेलिंग्टन वॉटर्लूच्या साडेअकरा वर्षं आधी आमच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या शिवारात लढला आणि तिथं तो हरता हरता वाचला. त्यानं स्वतःच्याच पत्रात तसं लिहून ठेवलंय.

तारीख २९ नोव्हेंबर १८०३. तेव्हा तो ड्यूक वगैरे काही नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली, वय ३४, इंग्रजी फौजेचा मेजर जनरल. दोन महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, भोकरदनकडं असईला त्यानं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला होता, ते बऱ्याच जणांना माहिती असतं, शाळेच्या पुस्तकातही एखाद्या ओळीत येतं. पण असईनं लढाई संपली नव्हती ना राजेहो, ती पुढं आमच्या वऱ्हाडात आली आणि इथंच तिचा निकाल लागला, आणि नेमकं तेवढंच आपल्याला कोणी सांगत नाही.

त्या दिवशी वेलस्लीची फौज सकाळपासून चालून चालून थकलेली होती, मुक्काम टाकायचाच विचार होता. शिंद्यांशी तहाची बोलणी चालू होती, त्यांचे वकील वेलस्लीबरोबरच होते आणि लढू नका म्हणून त्याला सांगत होते. पण भोसल्यांशी कसलाच तह झालेला नव्हता आणि शिंद्यांनीही कबूल केलेल्या अटी पाळल्या नव्हत्या, म्हणून त्यानं ऐकलं नाही. पुढं जाऊन बघतो तर अडगावसमोर मराठी फौज लढायच्या तयारीत उभी, पाच मैल लांब रांग. रघुजी भोसल्यांचे भाऊ मन्याबापू भोसल्यांच्या फौजेचे सरदार, आणि एका बाजूला शिंद्यांचे घोडेस्वार. समोरून येणाऱ्या इंग्रजांच्या बाजूनं तरी कोण कोण होतं बघा, स्कॉटलंडचे गोरे, मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे स्वार, निजामाची माणसं. आज ज्या वावरात पऱ्हाटी आणि तूर उभी असते तिथं एवढ्या मुलखाची माणसं एका दुपारी समोरासमोर आली होती.

सिरसोली गावाजवळून इंग्रजी फौज पुढं सरकायला लागली आणि आपल्या तोफा सुरू झाल्या. तेव्हा जे झालं ते वेलस्लीला आयुष्यभर आठवलं असेल. असईला याच्यापेक्षा भयंकर मारा सहन करून जागेवरून न हललेल्या त्याच्या देशी पलटणी पहिल्याच माऱ्यात फुटल्या आणि मागं पळत सुटल्या. वेलस्ली तिथून फार लांब नव्हता म्हणून निभावलं. त्यानं त्यांना आडोशाला नेलं, परत रांगा लावल्या आणि पुन्हा पुढं घातलं. नंतर त्यानं पत्रात लिहिलं की मी तिथं नसतो तर आपण लढाई हरलो असतो याची माझी खात्री आहे. ज्याला पुढं सगळा युरोप डोक्यावर घेणार होता त्याच्या लेखणीतून हे आमच्या तालुक्याबद्दल उतरलंय, आणि आमच्या पोरांना ते माहिती नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढं मात्र चित्र पालटलं. हल्ला चढवेपर्यंत चार-साडेचार वाजून गेले होते. भोसल्यांच्या चाकरीतली परदेशी पायदळाची एक तुकडी, इंग्रजांच्या कागदांत त्यांना पर्शियन म्हटलंय, ती स्कॉटिश पलटणींवर सरळ धावून गेली आणि तिथंच पुरी कापली गेली. ते कोण होते, कुठून आले होते, त्यांच्या घरी कधी कोणी सांगितलं का, काही नाही. बाकी फौज मागं हटली, ३८ तोफा मैदानात राहिल्या, दिवस बुडाला आणि इंग्रजी घोडदळानं चांदण्यात कित्येक मैल पाठलाग केला. वेलस्लीनं नंतर हळहळ केली की अजून तासभर उजेड पाहिजे होता, म्हणजे एकही माणूस सुटला नसता. आपले जे वाचले ते आमच्याकडच्या लवकर पडणाऱ्या अंधारामुळं वाचले.

आता एक गोष्ट सांगतो जी मला कळल्यापासून डोक्यातून जात नाही. इंग्रज सरकारनं १८५१ मध्ये आर्मी ऑफ इंडिया नावाचं चांदीचं मेडल काढलं, जुन्या लढायांतले जे शिपाई तोपर्यंत जिवंत होते त्यांच्यासाठी, गोऱ्यांसाठी आणि देशी शिपायांसाठीही. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचं तोंड, वर रिबीन, आणि रिबिनीवर चांदीची बारीक पट्टी, त्या पट्टीवर लढाईचं नाव. त्यात आमच्या अडगावच्या नावाची पट्टी आहे, गाविलगडची आहे, नागपूर-सीताबर्डीचीही आहे. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी तिकडं स्कॉटलंडमधला कोणी म्हातारा अडगाव छातीवर लावून फिरला असेल, आणि इथं अडगावच्या रस्त्यानं जाणाऱ्याला काही झालं होतं हे कळायची सोय नाही, मला तरी एक पाटी दिसली नाही. जिंकणाऱ्यांनी नाव जपलं, ठीक आहे, त्यांचं काम त्यांनी केलं. पण आपल्या बाजूनं मेलेल्यांचं काय? हरलो म्हणून विसरायचं का?

अडगावनंतर फौज अचलपूरला गेली, तिथं जखमींसाठी दवाखाना थाटला आणि गाविलगडाला वेढा पडला. आज चिखलदऱ्याला गाडीनं जाताना घाटात आपला जीव मुठीत येतो, तिथं कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं रस्ताच नसलेल्या सातपुड्यातून तीस मैल वाट स्वतः फोडत, वजनी तोफा हातांनी ओढत किल्ल्याच्या उत्तरेला लबाडा नावाच्या गावापर्यंत नेल्या, कारण दक्षिणेकडून कड्यावर चढणं शक्यच नव्हतं. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधायला सुरवात झाली, १५ ला सकाळी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग पळाला नाही, दरवाज्याजवळ पडलेल्या प्रेतांच्या ढिगात त्याचं शव सापडलं. चिखलदऱ्याला लोक कॉफी आणि धुकं बघायला जातात, जावं, पण किल्ल्यावर गेल्यावर लेकरांना बेनीसिंगचं नाव तरी सांगावं.

आणि मग तह. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, गाविलगडाच्या पायथ्याच्या देवगावात भोसल्यांशी तह झाला आणि कटक-बालासोरसकट ओरिसातला प्रांत नागपूरकरांच्या हातून गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला, तो निजामाला मिळाला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावात शिंद्यांशी तह झाला, त्यात गंगा-यमुनेचा दुआब गेला आणि दिल्ली-आग्र्यावरचा शिंद्यांचा हक्क संपला. पानपिंपळीसाठी आपण ओळखतो त्या अंजनगावात दिल्लीचा कागद झालाय साहेब! शिंद्यांच्या बाजूनं बोलणी करणाऱ्यांत विठ्ठल महादेव म्हणून एक वयस्कर मुत्सद्दी होते, काही केल्या चेहऱ्यावर मनातलं दिसू द्यायचे नाहीत, इंग्रजांनी त्यांना पत्त्यांच्या एका खेळावरून टोपणनाव दिलं होतं. पुढं कित्येक वर्षांनी, त्या तहाच्या वेळी इंग्रजांकडून बोलणी करणाऱ्या जॉन माल्कमनं वेलिंग्टनला विचारलं की फ्रान्सचा तो तालेराँ कसा वाटला, तर तो म्हणाला बराचसा आपल्या त्या म्हाताऱ्यासारखा, पण तेवढा हुशार नाही. तालेराँ म्हणजे युरोपातला सगळ्यात पक्का मुत्सद्दी मानतात. विठ्ठलपंतांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

निजामाकडं गेलेला वऱ्हाडही त्याच्याकडं राहिला नाही. इंग्रजांनी त्याच्या खर्चानं उभी केलेली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिचे पगार थकले, कर्ज चढलं आणि १८५३ मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला, १९०२ ला तर वर्षाला २५ लाखांवर कायमचाच पट्टा झाला. म्हणजे शिपायांच्या थकलेल्या पगारात आमचा अख्खा मुलूख गेला. हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर तुम्ही कोणा जाणकाराकडून लिहून घ्या.

मागणी मोठी नाही. अडगाव-सिरसोलीच्या रस्त्यावर जिल्हा परिषदेनं मराठीत एक पाटी लावावी, त्यावर तारीख, दोन्ही बाजूंच्या फौजा आणि मन्याबापूंचं नाव असावं. देवगाव आणि अंजनगावलाही तसंच. शाळेच्या सहली शेगाव करून चिखलदऱ्याला जातात, त्यांनी अडगावला अर्धा तास थांबावं, मास्तरांनी तिथंच वावराच्या कडेला उभं राहून सांगावं. आणि आमच्या भागातल्या कास्तकार बांधवांना विनंती, नांगरटीत कोणाला लोखंडी गोळा, जुनं हत्यार असं काही सापडलं असेल किंवा सापडलं तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, तहसीलला कळवा, पुरातत्त्व खात्यापर्यंत जाऊ द्या. येत्या २९ नोव्हेंबरच्या अंकात तुम्ही अर्धं पान अडगावला द्या, सोबत नकाशा छापा, तो कापून आमच्या गावच्या वाचनालयात लावायची जबाबदारी माझी.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. तेल्हारा, जि. अकोला