हीटर काहून बंद पडत होता, ते सगळं लिहून पाठवते बाबा

कॅलगरी, कॅनडा

ती. बाबा व आईस,
साष्टांग नमस्कार.

आजीला माझा नमस्कार सांगजा. फोनवर आवाज मधातच तुटते आणि तुम्ही दर वेळी तेच विचारता, नेमकं बिघडलं काय होतं. "हीटर खराब झाला होता, आता ठीक आहे" एवढ्यानं तुमचं समाधान होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बसून सगळंच लिहून राहिली. धाकट्यालाही वाचायला देजा, त्याच्या कामाचं आहे.

आमची व्हॅन तुम्ही फोटोत पाहिली. मागं पलंग, बाजूला छोटा ओटा, आणि समोरच्या सीटखाली बसवलेला डिझेलवरचा हीटर. इंजिन बंद ठेवून रात्रभर गाडी गरम ठेवायची तर इकडे बहुतेक लोक हाच लावतात. हिवाळ्यात आम्ही सुट्टीला बॅन्फ, लेक लुईसकडे डोंगरात जातो, तिथं रात्री उणे वीस-पंचवीस होते, म्हणजे हीटर बंद पडला तर बाटलीतलं पाणी सकाळपर्यंत दगड. त्यामुळे हे काम मी मनावर घेतलं होतं.

आधी ते चालते कसं ते सांगते. एक मोटर, तिच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा जळणासाठी बाहेरची हवा आत ओढतो, दुसरा गाडीतली हवा फिरवतो. मधात अॅल्युमिनियमचं पट्ट्या-पट्ट्यांचं घर असते, त्याच्या आत जाळ आणि बाहेरून आपली हवा. जाळाची हवा अन् आपण श्वास घेतो ती हवा एकमेकीत मिसळत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डिझेल टाकीतून एक छोटा पंप आणतो, टक-टक-टक असा आवाज करत, दर टकला थेंबभर. चालू केलं की आधी पंखा फिरते, मग ग्लो प्लग (जाळ पेटवणारा, करंटनं तापणारा दांडा) लाल होते, साधारण मिनिटभर, मग पंप टकटक सुरू करते, बाहेर पाइपातून थोडा पांढरा धूर येते, जाळ धरला की धूर संपतो आणि ग्लो प्लग आपोआप बंद होते. त्यानंतर जाळ स्वतःच चालतो.

आमचा हीटर रात्री सुरूच होत नव्हता. दोनदा प्रयत्न करायचा आणि कंट्रोलरच्या, म्हणजे बटनांच्या डब्याच्या, पडद्यावर ई-१० दाखवून बंद. कधी ई-०१. आमच्या कंट्रोलरवर ई-१० म्हणजे जाळ धरला नाही आणि ई-०१ म्हणजे व्होल्टेज कमी. (दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर हेच नंबर वेगळं सांगू शकतात, म्हणून धाकट्या, आपल्या पुस्तकात पाहजो.) आता बाबा, इथं लोक काय करतात, ई-१० दिसला की ग्लो प्लग मागवतात. तो लावला, तरी नाही चालला की पंप मागवतात. मग कंट्रोलर. मला हे पटत नाही. नंबर फक्त एवढंच सांगतो की जाळ झाला नाही, का झाला नाही ते आपल्यालाच शोधावं लागते. वावरातल्या इंजिनाचं तुम्ही जसं पाहत होते, धूर आहे का नाही, असला तर कोणत्या रंगाचा, मी तिथूनच सुरुवात केली.

धूर अजिबात नाही म्हणजे डिझेलच पोचलं नाही. पांढरा धूर भरपूर आणि जाळ नाही, म्हणजे डिझेल आलं पण पेटलं नाही, तिथं ग्लो प्लग, करंट किंवा हवा पाहायची. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आमच्याकडे कधी धूर नाही तर कधी पांढराच पांढरा, म्हणजे एक नाही, दोन-तीन बिघाड एकत्र होते.

पहिलं करंट. बॅटरीवर मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट, कोणीही म्हणेल बॅटरी चांगली आहे. पण मीटर हीटरच्या प्लगवर लावून बटन दाबलं, ग्लो प्लगनं आठ-दहा अॅम्पिअर ओढायला सुरुवात केली आणि आकडा सरकन खाली, साडेदहाच्या जवळ. तिथंच तो बंद होतो. रात्री वावरात लाइन येते, दिवा चांगला जळते आणि मोटर टाकली की दिवा पिवळा पडते, अगदी तसंच. गाडी आम्ही जुनी घेतली, पहिल्या मालकानं हीटरला दीडची (दीड चौरस मिलीमीटर जाडीची) वायर टाकली होती आणि बॅटरी पार मागच्या टोकाला. जाऊन-येऊन दहा मीटर वायर. दीडच्या तांब्याच्या वायरीत दहा मीटरला ओमचा आठवा भाग रेझिस्टन्स येते, त्यातून दहा अॅम्पिअर गेले की सव्वा व्होल्ट वाटेतच खाल्ला. थंडीत बॅटरी आधीच ढिली असते. मी सहाची वायर ओढली, फ्यूज बॅटरीजवळ लावला, वायरीच्या टोकाचे लग नीट दाबून घेतले, आता वाटेत पाव-एक व्होल्टच जाते. ई-०१ त्या दिवसापासून दिसला नाही. म्हणून सांगते, व्होल्टेज मोजायचं तर हीटरपाशी मोजा आणि लोड चालू असताना मोजा.

दुसरं डिझेल. पंप टकटक करत होता पण धूर नव्हता. पाइप पाहिला तर आत बुडबुडे उभे, म्हणजे हवा धरली होती. सोबत जो मऊ हिरवा पाइप येते ना तो लय बेकार, आतून रुंद असते, त्यात बुडबुडा अडकला की पुढं सरकतच नाही. त्याऐवजी दोन मिलीमीटर भोकाचा कडक नायलॉनचा पांढरा पाइप टाकला. जोडावर दोन पाइपांची तोंडं एकमेकांना भिडलेली पाहिजेत, वरून रबराची नळी आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प. मधात बोटभर जागा सुटली की तिथं हवा साठते. पंपही आडवा बांधलेला होता. तो तिरपा पाहिजे, बाहेरचं तोंड वर, म्हणजे आलेला बुडबुडा आपला आपण वर निघून जाते. हे सगळं झाल्यावर एअर काढली आणि पंप किती टाकते ते मोजलं. आमच्या पंपावर २२ एमएल लिहिलेलं आहे, म्हणजे हजार टकला बावीस मिली. मी औषधाच्या सिरिंजमध्ये पाइप सोडला, शंभर टक मोजले, सव्वादोनच्या जरासं खाली आलं. पंप चांगला होता. बिनकामाचा नवा पंप घ्यायचा खर्च वाचला.

डिझेलचं आणखी एक आहे, जे आपल्याकडे कधी पाहायला मिळत नाही. खूप थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होते, आधी ते गढूळ दिसते, मग फिल्टर चोक, मग घट्ट. इकडे पेट्रोल पंपावर हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळते, आणि समुद्राकडच्या उबदार भागातून भरून आणलेलं डिझेल डोंगरात आणलं तर घोटाळा होतो. त्यामुळे डोंगर चढायच्या आधी टाकीत इथलंच डिझेल असेल असं आम्ही पाहतो.

आता तिसरी गोष्ट. इथं मला खरं कारण सापडलं. वायर झाली, पाइप झाला, तरी कधी कधी पांढरा धूर येऊन बंद पडायचं. ग्लो प्लग काढला. तो काढताना जपावं लागते, आमच्यातला आतला दांडा सिरॅमिकचा आहे, वाकडा जोर पडला की गेलाच. प्लग ठीक होता. पण तो ज्या नळीत बसते तिच्या आत स्टीलच्या बारीक तारांची एक जाळी असते, अंगठीहून थोडी मोठी, गोल गुंडाळलेली. डिझेल या जाळीवर पसरते, तिथं त्याची वाफ होते आणि वाफ पेटते. ती जाळी टॉर्चनं पाहिली तर तारा दिसतच नव्हत्या, सगळं काळं, कडक, कोळशाचा थर. बारीक पकडीनं फिरवून फिरवून ओढली तर तुकड्या-तुकड्यांनी आली, हातात काळा भुगा. नवी जाळी काही फार महाग नसते. ती बसवताना एक पाहायचं, जाळीला एका बाजूला खाच असते, ती नळीतल्या हवेच्या बारीक भोकासमोर आली पाहिजे, नाहीतर हवेचं भोक जाळीनंच बुजते आणि नवी जाळी टाकूनही जाळ धरत नाही. मग आतलं घर उघडून काजळी खरवडली, पंख्याकडचं आणि जळणाकडचं दोन्ही गॅस्केट (जोडातून हवा गळू नये म्हणून मधात बसते ती पट्टी) नवीन टाकले. जुनं गॅस्केट परत कधीच वापरायचं नाही, का ते पुढं सांगते.

एवढी काजळी झाली काहून? रात्रभर एकदम मंद चालवल्यानं. मंद जाळ थंड राहते, डिझेल पूर्ण जळत नाही. त्यात उंची. कॅलगरी शहरच आपल्या चिखलदऱ्याएवढ्या उंचीवर आहे, जवळपास हजार मीटर, आणि आम्ही जातो ते घाट दोन हजार मीटरच्या वर. तिथं हवा पातळ, पंप मात्र तेवढंच डिझेल टाकते, म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. आता वर गेलं की मी कंट्रोलरमधून पंपाची गती कमी करते, आणि झोपायच्या आधी किंवा सकाळी वीस मिनिटं हीटर पूर्ण जोरावर चालवते म्हणजे साठलेलं जळून जाते. बंद करताना बटनानंच बंद करायचं, तो पंखा काही मिनिटं फिरत राहते आणि आतलं घर थंड करते. घाईनं वायर काढली तर आत गरमी कोंडते आणि सेन्सर, पंखा वितळते. हे धाकट्याला नीट समजावजा, त्याला मेन स्विच ओढायची सवय आहे.

आई, तू काळजी करत होती त्या धुराबद्दल आता लिहिते. तुझी काळजी बरोबर आहे. जळणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असते, त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरते. डोकं दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि माणसाला वाटते थकवा आहे. म्हणून एक्झॉस्टचा पाइप गाडीच्या बाहेर, कडेपर्यंत नेला, जोडावर चांगले क्लॅम्प घातले. तो खालच्या बाजूला उतरता ठेवला आणि सायलेन्सरचं पाणी निघायचं भोक तळाला, कारण आत पाणी साठून गोठलं तर धुराला वाट राहत नाही. आत घ्यायच्या हवेचा पाइप धुराच्या पाइपापासून लांब. बर्फ पडला की झोपायच्या आधी खाली वाकून पाइपाचं तोंड मोकळं आहे का पाहतो. आणि पलंगाजवळ या वायूचा अलार्म आहे, त्याची बॅटरी मी निघायच्या आधी दाबून तपासते. गॅस्केटचा मुद्दा हाच, तिथून धूर आतल्या हवेत येऊ शकते.

आणि यावरूनच एक मागणं आहे. आजी बाळंतिणीच्या खोलीत खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवते, दार-खिडकी लावून. वहिनीची तारीख पौषात आहे, तेव्हा थंडी राहीलच. तोच वायू निखाऱ्यातूनही निघते बाबा, धूर दिसत नसला तरी. आजीला दुखवू नका, पण शेगडी बाहेर पेटवून, खोली गरम करून, माणसं झोपायच्या आधी ती शेगडी बाहेर काढायची आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची, एवढं तुम्ही स्वतः पाहजा. बाळाला गोधडी आणि टोपी पुरते. मी इकडून दोन अलार्म पाठवून राहिली, एक त्या खोलीत लावजा.

कोंबड्यांच्या शेडमध्ये असा हीटर बसेल का म्हणून तुम्ही विचारलं होतं. पहिल्या आठवड्यात पिलांना बत्तीस ते पस्तीस अंश लागते, त्याला आपली बुखारी (शेड गरम करायची जळणाची भट्टी) डोळ्यात पाणी आणते हे खरं आहे. माझं मत असं की हीटर शेडच्या आत ठेवू नका. तूस आणि पिसांचा भुगा पंख्यात जाऊन आठवड्यात चोक होईल. बाहेर भिंतीला डबा करून बसवा, फक्त गरम हवेचा डक्ट आत घ्या. दोन किलोवॅटचा पूर्ण जोरावर तासाला पाव लिटर डिझेल खाते, हिशोब करून पाहा, लाइट असेल तेव्हा बल्बच स्वस्त पडतील असं मला वाटते. लाइन गेल्यावर मात्र हा बारा व्होल्टवर चालते, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, तेवढ्यासाठी उपयोगी आहे.

आणि धाकट्या, तुझी ट्रॅव्हलर गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं असेल तर ऐक. तिथलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथं हवा आपल्या गावच्या दोन तृतीयांशच. उंचीची सेटिंग असलेलाच कंट्रोलर घेजो, स्वस्तातला नको. सोबत एक ग्लो प्लग, दोन जाळ्या, गॅस्केटचा सेट ठेवजो. आणि इकडून भरलेलं डिझेल तिकडे नेऊ नको. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं, डोंगरात हिवाळी डिझेल मिळते का ते पेट्रोल पंपावर विचारूनच भरजो. बॅटरीपासून हीटरपर्यंत टेपनं मोजून किती मीटर होते ते मला कळवजो, वायर कितीची घ्यायची ते मी सांगते, तोपर्यंत काही विकत घेऊ नको.

तुरीला शेंगा कशा आहेत, सोयाबीनचे पैसे आले का, हे लिहिजा. बाबांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला का, आई, हे तूच सांग, ते सांगणार नाहीत.

तुमची लेक