वाचनालयातल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून नोंदवही पुढं सरकवता. म्हणून हे चार लोकांदेखत लिहिते.

मे महिन्यात मी तुमच्याकडून ती गाजलेली थरारकादंबरी नेली, इंग्रजीतून मराठीत आलेली. नंबर लावून पंधरा दिवस थांबले होते. अंबाजोगाईत त्या आठवड्यात रात्री लाईट जायची, तरी मोबाईलच्या उजेडात वाचली. सुरुवात काळजाला भिडणारी होती. नवऱ्याची किल्ली कुलपात कशी फिरते, यावरून त्या बाईला आजची रात्र कशी जाणार ते कळायचं. आमच्या गल्लीत एक वहिनी होत्या. मोटारसायकलचं स्टँड कसं पडलं ते ऐकून त्या लेकरांना आतल्या खोलीत पाठवायच्या. मला पानोपानी त्याच दिसत होत्या.

आणि शेवटच्या चाळीस पानांत कळतं, की तिची भीती खोटीच होती, सगळा बेत तिचाच. मी पुस्तक मिटलं आणि फसवल्यासारखं वाटलं. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, तोच तर धक्का आहे!" एवढ्या लोकांना आवडलंय म्हणजे आपल्यालाच समजलं नसणार, असं धरून मी गप्प बसले.

परत द्यायला आले तेव्हा तुम्ही फक्त "कसं वाटलं?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "मला नीट कळलं नसेल." तुम्ही शिक्का खाली ठेवलात. "पोरी, कळलं नाही असं कशाला म्हणतीस? कुठं खटकलं ते काढ." मागं रांग होती, तरी तुम्ही मला बाकावर बसवून पुस्तक पुन्हा हातात दिलंत. पान ३१ सापडलं. ती रात्री एकटी, अंधारात, स्वतःशीच म्हणते, "त्यानं असं का केलं, मला खरंच माहीत नाही." तुम्ही तिथं वर्गणीच्या जुन्या पावतीचा तुकडा घातलात आणि विचारलंत, "खोलीत कुणी नाही. मग कुणाला फसवायली ती?"

वाचकाला. दुसरं कुणी नव्हतंच तिथं.

मामा, त्या एका प्रश्नानं माझा गोंधळ संपला. पात्रानं खोटं बोलावं, पोलिसांशी बोलावं, कुणाच्या हाती पडावी म्हणून खोटी रोजनिशी लिहावी, त्याला कारण असतं. पण स्वतःच्या मनात खोटं बोलते ती बाई नव्हे, तिथं लेखक बोलत असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला नववा तुम्हीच सांगितलात: गुप्तहेराच्या सोबत्यानं मनात आलेला विचार वाचकापासून लपवू नये. नियम काय, मोडायलाच असतात, आणि चांगले लेखक ते मोडतातही. पण मोडल्यावर मागं जाऊन वाचलं तर प्रत्येक वाक्य खरं उतरायला हवं. इथं उतरत नाही. २०१२ मध्ये 'गॉन गर्ल' ही इंग्रजी कादंबरी आल्यावर घरातल्या संशयाच्या कथांची जी लाट आली, तिच्यात शेवटचा धक्का हाच हिशेब झालेली पुस्तकंही पुष्कळ आली.

मला जास्त लागलं ते वेगळंच. वहिनींची भीती खरी होती. तशी भीती इतकी हुबेहूब लिहायची आणि मग तीच बाई कपटी निघाली म्हणायचं, हे मला अजूनही सहन होत नाही. तेही तुम्ही ऐकून घेतलंत. अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेला माणूस, तरी माझं बोलणं एकदाही मध्ये तोडलं नाहीत.

त्यानंतर मी आवडलं नाही तर का नाही, ते पान काढून सांगते. मैत्रिणींनाही सांगितलं. दोघींनी पान ३१ पुन्हा वाचलं, एकीला अजून ती कादंबरी आवडते, आणि आमची त्यावर छान तासभर चर्चा झाली.

गुरुवारी येते. पावतीचा तो तुकडा माझ्याकडेच आहे. पुढच्या वाचकाला शेवट आधीच कळू नये म्हणून काढून घेतला होता.

तुमची एक वाचक,
अंबाजोगाई