चिपळूणच्या लॅबमधल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा आता अंगणवाडीत जातो. मुंबईच्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण सगळं सुरू झालं ते तुमच्या टेबलावर. हे तुमच्यापर्यंत कुणी पोचवलं नसेल, म्हणून हे जाहीर पत्र.

चार महिन्यांचा होता तो. जिभेवरचा पांढरा थर जाईना, खोकला हटेना, वजन वाढेना. बीसीजी टोचलेल्या हाताच्या काखेत गाठ आलेली. औषधं बदलून झाली, दृष्टही काढून झाली. तुमच्याकडे आलो ते साध्या सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला. पांढऱ्या पेशी 9,000, म्हणजे वरवर चांगलाच रिपोर्ट. पण त्यात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पेशी, फक्त 8 टक्के! गणपती तोंडावर, लॅबमध्ये उभं राहायला जागा नाही, तरी तुम्ही मशीनवर न विसंबता स्लाइड केलीत, मायक्रोस्कोपखाली पेशी पुन्हा मोजल्यात. हिशेब 720चाच आला. एवढ्या बाळात त्या 3,000च्या वर हव्यात, हे तुम्ही लगेच आमच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलंत. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "माहेरी कुणाचे तान्हे मुलगे गेलेत का हो?"

माझे दोन मामा वर्षाच्या आत गेले होते. देवाचा कोप म्हणून आजीने ते जन्मभर सोसलं. कोप कसला, एक्स गुणसूत्रावरचा दोष होता तो. बाईला त्याचा त्रास होत नाही, तिच्या मुलाला होतो. हे ऐकायला आजी हवी होती.

परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत निदान झालं: स्किड. प्रतिकारशक्ती जन्मापासूनच जवळजवळ नाही. बीसीजीतले जिवंत जंतूच काखेत वाढत होते. उपाय म्हणजे जुळणारी अस्थिमज्जा, हाडांतला मगज, बाळाला देणं. सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक. आमच्या थोरलीचं जुळलं, आणि तिच्या अस्थिमज्जेवर तिचा भाऊ जगला.

माझी बहीण आता बाळंतपणाला माहेरी आलीय. तिच्यातही तोच दोष निघाला, म्हणजे मुलगा झाला तर निम्मी भीती. जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त तपासायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटा या जिवंत जंतूंच्या लसींपैकी काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. पहिला सीबीसी तुमच्याकडेच आणणार आहोत. स्लाइड तुम्हीच बघा, ताई.

तुमची ऋणी,
गुहागरची एक आई