आईकडून आलेली वही

हॉबर्ट, ऑस्ट्रेलिया
दि. १२ जून

ती. नाना व ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर आईने विचारले होते, की माशाच्या एवढ्याशा तुकड्यावर मी दिवसभर काय करत बसते. तेव्हा धड सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या अमळनेरच्या बाजारात समुद्रातले येते ते सुके बोंबील आणि सुकट. कोकणात ज्याला मुशी म्हणतात, तो शार्क तुम्ही पाहिलेला नाही. माझ्याकडेही येतो तो त्याच्या पराच्या कडेचा, तुरीच्या डाळीएवढा तुकडा, अल्कोहोलच्या कुपीत पांढुरका पडलेला. त्यातल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात आणि त्यांचा स्वतःचा डीएनए असतो: बांगडीसारखा गोल, ३७ जनुकांचा, जेमतेम १६-१७ हजार अक्षरांचा. एका पेशीत त्याच्या कितीतरी प्रती असल्यामुळे, वाळून गेलेल्या परातूनही तो बहुधा हाती लागतो. तो लेकरांना मिळतो केवळ आईकडून.

नाना, भाट आपल्या ओट्यावर बसून वंशावळ वाचायचा, ते आठवते ना? सात पिढ्यांचे पुरुष त्यात होते. दाराआड उभी राहून ऐकणाऱ्या आजीचे नाव मात्र नव्हते. मी वाचते ती वही नेमकी उलटी आहे.

ही वही फार सावकाश बदलते. शार्कमधील हा डीएनए सस्तन प्राण्यांच्या तुलनेत सात-आठ पट मंद गतीने बदलतो, असे १९९२ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे सस्तन प्राण्यांचे माप शार्कला लावले, तर दोन वंश वेगळे होऊन लोटलेला काळ फारच कमी भरतो.

पांढऱ्या शार्कची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दक्षिण आफ्रिकेचे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे शार्क आईच्या वहीत स्पष्ट वेगळे दिसतात, पण आईवडील दोघांकडून येणाऱ्या डीएनएत तसे दिसत नाहीत, हे २००१ मध्ये समोर आले. माद्या आपल्याच किनाऱ्याला धरून राहतात आणि नर दूरवर हिंडतात, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो सर्वांना पटलाही. मात्र २०२५ मध्ये संपूर्ण जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासाने दाखवले, की एवढ्या कारणाने हा फरक उलगडत नाही. मी स्वतः ते जुने उत्तर वर्षानुवर्षे खरे धरून चालले होते, म्हणून आता एकट्या वहीवर विसंबून काही लिहायला माझा हात धजत नाही.

हातोड्यासारख्या डोक्याचा एक शार्क २०१९ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. एखाद्या किनाऱ्यावरचा मातृवंश खरोखर वेगळा असेल, तर तिथल्या माद्या संपल्यावर दुसरीकडून येऊन ती जागा सहजी भरून निघत नाही. मासेमारीवर बंधन कुठे घालावे, हे ठरवताना आमचे काम उपयोगी पडते ते इथे. पांढऱ्या शार्कची मादी तर तिशी ओलांडल्यावर पिलांना जन्म देण्याजोगी होते. तिचे एकेक वर्ष मोलाचे आहे.

आई, एक काम कर. तुझ्या आईचे, तिच्या आईचे आणि जमल्यास तिच्याही आईचे नाव मामांना विचारून एका कागदावर लिहून ठेव. दिवाळीला आले, की मी ते वहीत उतरवून घेईन. इकडे कडाक्याची थंडी आहे. तिकडे पाऊस पडला का, ते कळवा.

आपली,
मनीषा