‘नंतर’ हा शब्द कायद्यात अजून तसाच आहे

संपादक महोदय,

महिला वकिलांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. इंदिरा जयसिंग १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला ज्येष्ठ वकील झाल्या, २००९ मध्ये देशाच्या पहिल्या महिला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाल्या, हे त्यात आलं. पण त्यांच्या ज्या खटल्याचा माझ्यासारख्या आईशी थेट संबंध येतो, तोच राहून गेला.

१९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून आई राहील, हे नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. तरी उत्तर आलं, वडिलांची सही आणा, नाहीतर तुम्ही पालक असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. कारण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात मुलाचे नैसर्गिक पालक ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असे दिले आहेत.

हे कलम आणि समानतेचा हक्क एकत्र नांदू शकत नाहीत, हे जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल आला. ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ नव्हे, ‘अनुपस्थितीत’. वडील लांब असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील, आजारपणामुळे असमर्थ असतील किंवा दोघांच्या संमतीने जबाबदारी आईकडे असेल, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते.

त्यानंतर बारा वर्षांनी मी मुलीच्या नावे थोडे पैसे गुंतवायला गेले. मिस्टर नोकरीसाठी परदेशात होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या सहीवर पेन्सिलीने फुली मारली, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “मिस्टर हयात आहेत ना? मग त्यांचीच सही लागेल.” सात वर्षांची लेक शेजारी उभी होती. वाटेत काही बोलली नाही. रात्री अंथरुणात तिने विचारलं, “आई, हयात म्हणजे काय?” निकाल तेव्हा ठाऊक असता, तर मी तिथून हलले नसते. त्या गृहस्थांनाही तो ठाऊक नसावा. त्यांचा मला राग नाही, पण ती फुली अजून डोळ्यांसमोर आहे.

न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, त्याचा अर्थ तेवढा रुंद केला. म्हणजे घरात दोघं असतील तर पहिला मान अजून वडिलांचाच, आणि हे मला पटत नाही. आई-वडिलांना बरोबरीने नैसर्गिक पालक माना, अशी शिफारस कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली. कलमातली ती ओळ मात्र जागची हललेली नाही. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर त्यांच्या नावापुढे आईचं नाव लागतं, याचा मला मनापासून आनंद आहे. आता सहीचंही बघायला हवं.

एक विनंती आहे. १९९९ च्या या निकालाचा सार सोप्या मराठीत, खटल्याच्या नावासकट, पुरवणीत चौकट करून छापा. कात्रण पर्समध्ये मावेल, एवढीच चौकट पुरे.

आपली,
एक वाचक