डेव्हर्सची अदलाबदल आणि बोस्टनच्या चाहत्यांचा राग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी दैनिकांच्या क्रीडा पानांवर अमेरिकेतील बेसबॉलला सहसा जागा मिळत नाही. तरीही राफेल डेव्हर्स या टोलेबाज खेळाडूची भर हंगामात बोस्टन रेड सॉक्स संघाकडून सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाकडे रवानगी झाली, त्याची दखल आपण घेतलीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र त्या मजकुराचा एकूण सूर असा होता की, बोस्टनच्या चाहत्यांनी तेव्हा आकांडतांडव केले खरे, पण संघ पुढे बाद फेरीत पोहोचला, त्याअर्थी तो राग अनाठायी होता. मी गेली एकोणीस वर्षे बोस्टनपासून थोड्या अंतरावरच्या फ्रेमिंगहॅम गावात राहतो आणि त्यातली बरीचशी वर्षे या संघाचा चाहता आहे. हे मत मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

आधी घटनाक्रम सांगतो. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, फेनवे पार्क मैदानावर रेड सॉक्सने आपल्या पिढीजात प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे न्यूयॉर्क यांकीज संघाला, २-० असे हरवून तिन्ही सामन्यांची मालिका खिशात घातली. त्या सामन्यात डेव्हर्सने होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा फटका, मारला. अमेरिकेत त्या दिवशी पितृदिन होता, आणि माझी तेरा वर्षांची मुलगी मला हट्टाने सामन्याला घेऊन गेली होती. लॅन्सडाउन स्थानकावरून आम्ही गाडी पकडली तेव्हा डब्यातले निम्मे लोक रेड सॉक्सचे सदरे घातलेले होते आणि अनोळखी माणसे एकमेकांशी घरच्यासारखी बोलत होती. घरी पोहोचून जेवणाची तयारी चालू असताना मुलीच्या फोनवर बातमी आली की, डेव्हर्स आता रेड सॉक्सचा खेळाडू उरलेला नाही. संघ त्याच संध्याकाळी पुढच्या सामन्यांसाठी सिएटलला निघाला होता. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये जायंट्सचा काइल हॅरिसन हा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) त्या रात्रीचा सामना सुरू करणार होता, त्यालाही ऐन वेळी थांबवून बोस्टनकडे जायला सांगण्यात आले. ज्या खेळाडूचा होम रन पाहून आम्ही दुपारी उठून उभे राहिलो होतो, तो संध्याकाळी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संघाचा झालेला होता.

हा खेळाडू बोस्टनकरांचा कोण होता, हे मराठी वाचकांना सांगायला हवे, कारण त्यावाचून रागाचे मूळ कळणार नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेल्या डेव्हर्सशी रेड सॉक्सने २०१३ साली करार केला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. जुलै २०१७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो मुख्य संघात उतरला. काही आठवड्यांतच यांकीजच्या मैदानावर शेवटच्या डावात, ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने चेंडू टाकणाऱ्या अरोल्डिस चॅपमनचा चेंडू त्याने प्रेक्षकांत भिरकावून बरोबरी साधली. पुढच्याच वर्षी संघ विश्वविजेता झाला. बोस्टनच्या उत्तरेला लॉरेन्स नावाचे गाव आहे, तिथे डोमिनिकन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. अशा घरांसाठी तर तो खेळाडूच्याही पलीकडचा, आपला मुलगा होता. रेड सॉक्सकडून त्याने एकूण २१५ होम रन मारले.

आता करार. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा तिथेच आहे. २०१८ सालचा सर्वोत्तम खेळाडू मूकी बेट्स याला रेड सॉक्सने फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकले. डिसेंबर २०२२ मध्ये झँडर बोगार्ट्स हा दुसरा लाडका खेळाडू ११ वर्षांच्या करारावर सॅन डिएगोला गेला. चाहते इतके चिडले की, जानेवारी २०२३ च्या आरंभी फेनवे पार्कवर भरवलेल्या हॉकीच्या सामन्यात मालक जॉन हेन्री दिसताच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच आठवड्यात संघाने डेव्हर्सशी १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा, २०३३ पर्यंत चालणारा करार ठरवला. संघाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा करार होता. बेट्स गेला, बोगार्ट्स गेला, पण हा राहील, असे आश्वासन त्यातून चाहत्यांना मिळाले होते आणि चाहत्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. हंगामाची तिकिटे काढणाऱ्यांनी, मुलांना त्याच्या ११ क्रमांकाचे सदरे घेऊन देणाऱ्यांनी, तो विश्वास पैशाच्या रूपानेही दाखवला होता.

विश्वास कसा तुटत गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण दोष एकाच बाजूचा नव्हता. २०२५ च्या हंगामाआधी संघाने ॲलेक्स ब्रेग्मन या तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावपटूला गाठाव्या लागणाऱ्या तिसऱ्या टप्प्याजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या, नावाजलेल्या खेळाडूला आणले. डेव्हर्स वर्षानुवर्षे तिसऱ्या बेसवर उभा राहत आला होता. आता त्याने क्षेत्ररक्षण सोडून केवळ फलंदाजी करावी, असे ठरले. तो आधी नाही म्हणाला, मग त्याने ते मान्य केले. २ मे रोजी पहिल्या बेसवरचा ट्रिस्टन कॅसास गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने हंगामाबाहेर गेला, तेव्हा संघाने डेव्हर्सला पहिला बेस सांभाळण्याविषयी विचारले. आपल्याला हातमोजा बाजूला ठेवायला सांगितले होते आणि आता पुन्हा नवी जागा घ्यायला सांगतात, अशी तक्रार त्याने पत्रकारांसमोर उघडपणे केली. दुसऱ्याच दिवशी मालक विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. पुढे महिनाभर सारे निवळल्यासारखे वाटत होते.

या एका बाबतीत मी डेव्हर्सची बाजू घेऊ शकत नाही. माझी मुलगी गावच्या संघात सॉफ्टबॉल खेळते, तीही तिसऱ्या बेसवर, आणि सहकारी आजारी पडली की तिची प्रशिक्षक तिला कुठेही उभी करते. डेव्हर्सने पहिला बेस घ्यायला हवा होता, हे ती मे महिन्यापासून म्हणत होती. एवढ्या मोठ्या मानधनाच्या खेळाडूने अडचणीच्या वेळी संघाला नकार देऊ नये, असे म्हणणारे चाहते बोस्टनमध्ये पुष्कळ होते, आणि अदलाबदलीनंतरही त्यांनी संघव्यवस्थापनाचे समर्थन केले. सगळे चाहते एका सुरात रडत होते, असे चित्र आपल्याकडे गेले असेल तर ते खरे नाही. माझ्या ओळखीच्या एकाच घरात वडील व्यवस्थापनाच्या बाजूचे आणि मुलगा डेव्हर्सच्या बाजूचा, असे दोन तट पडले होते.

परंतु नाराज खेळाडूला वाटेवर आणणे वेगळे आणि आठ वर्षांहून अधिक काळाचा शब्द हंगामाच्या मध्यावर मोडणे वेगळे. बदल्यात काय आले, तेही पाहावे. जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे दोन पिचर, आणि मुख्य संघात अजून न खेळलेले जेम्स टिब्ज व होझे बेयो हे दोन तरुण. यांपैकी हिक्सची बोस्टनमधली कामगिरी निराशाजनक ठरली, आणि टिब्जला तर सुमारे दीड महिन्यातच डस्टिन मे या पिचरसाठी डॉजर्सकडे पाठवण्यात आले. जायंट्सने मात्र डेव्हर्सच्या कराराची उरलेली २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या अंगावर घेतली. व्यवहाराचा खरा मोबदला खेळाडूंच्या नव्हे, तर या वाचलेल्या पैशांच्या रूपात होता, असे चाहत्यांनी म्हटले, तेव्हा त्यांना भावनाविवश ठरवण्यात आले. मला तो हिशेब सरळ वाटतो.

भारतातील वाचकांना कदाचित प्रश्न पडेल की, खेळाडूची संमती घ्यावी लागत नाही का? मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, १० वर्षे सेवा झालेल्या आणि त्यातली शेवटची सलग ५ वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला बदली नाकारता येते. डेव्हर्सचा हा नववा हंगाम होता. म्हणजे नियमाने संघाचे काही चुकले नाही, आणि माझा आरोप नियमभंगाचा नाहीच.

व्यवस्थापनाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला २००४ सालचा आहे. बेब रूथ या दिग्गज खेळाडूला १९१९ च्या अखेरीस यांकीजला विकल्यानंतर या संघाने विजेतेपदासाठी जी वाट पाहिली, ती २००४ मध्ये संपली; आधीचे विजेतेपद १९१८ चे होते. त्याच २००४ च्या ३१ जुलैला संघाने नोमार गार्सियापारा या अत्यंत लोकप्रिय खेळाडूला शिकागोला पाठवले होते, तेव्हाही चाहते संतापले होते, आणि तीन महिन्यांत सगळे शहर रस्त्यावर नाचत होते. २००८ मध्ये, पुन्हा ३१ जुलैलाच, मॅनी रामिरेझ या घणाघाती फलंदाजाला डॉजर्सकडे धाडले, तेव्हाही संघ बाद फेरीत गेला. हे सगळे खरे आहे. पण गार्सियापाराचा करार त्याच वर्षी संपत होता, रामिरेझचाही संपत आला होता, आणि बेट्सचाही एकच हंगाम शिल्लक होता. किंमत जुळत नाही, खेळाडू नाहीतर फुकट हातचा जाईल, असे संघ तेव्हा म्हणू शकत होता आणि चाहता ते नाइलाजाने का होईना समजून घेऊ शकत होता. डेव्हर्सच्या बाबतीत किंमत जुळलेली होती, सही झालेली होती, आणि मुदत २०३३ ची होती. या दोन गोष्टी एका तागडीत घालणे अन्यायाचे आहे.

आता आपल्या मजकुरातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आकडे व्यवस्थापनाच्या बाजूचे आहेत, हे मी मान्य करतो. अदलाबदलीच्या दिवशी रेड सॉक्सची स्थिती ३७ विजय आणि ३६ पराभव अशी होती. हंगाम संपला तेव्हा ८९ विजय आणि ७३ पराभव. म्हणजे डेव्हर्सविना ५२ विजय आणि ३७ पराभव. २०२१ नंतर प्रथमच संघ बाद फेरीत गेला. उलट जायंट्स तेव्हा ४१-३१ वर होते आणि ८१-८१ वर थांबले. संघाचे खेळविषयक प्रमुख क्रेग ब्रेस्लो यांनी व्यवहारानंतर लगेच म्हटले होते की, वर्षाअखेर आपले विजय एरवीपेक्षा अधिक भरण्याची खरीखुरी शक्यता आहे. तेव्हा लोकांना ते बोलणे जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटले होते; त्यांचा अंदाज चुकला, असे आज कोणी म्हणू शकत नाही.

त्या यशाचे श्रेय नव्या खेळाडूंना दिले पाहिजे. गॅरेट क्रोशे या पिचरने हंगामभर संघ पेलला, आणि अदलाबदलीच्या आठवडाभर आधी मुख्य संघात आलेल्या २१ वर्षांच्या रोमन अँथनीने उन्हाळा गाजवला. तोच अँथनी सप्टेंबरमध्ये जायबंदी झाला. मग बाद फेरीत त्याच यांकीजविरुद्ध पहिला सामना ३-१ असा जिंकूनही पुढचे दोन ४-३ आणि ४-० असे गेले. तीन सामन्यांत मिळून सहा धावा. डेव्हर्स असता तर निकाल बदलला असता, असा दावा मी करणार नाही; तो कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण शेवटच्या सामन्यात एकही धाव निघत नव्हती, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात आणि मला खात्री आहे की इतर हजारो घरांत, कोणाचे नाव मनात आले असेल, हे सांगायला नको.

तरीही माझे म्हणणे या सहा धावांवर उभे नाही. संघ त्या मालिकेत जिंकला असता, अगदी विजेता झाला असता, तरी मी हे पत्र असेच लिहिले असते. जूनमध्ये चाहत्यांनी विचारलेला प्रश्न ‘आता आपण जिंकू का’ हा नव्हता. दिलेल्या शब्दाला या संघात किंमत किती, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर गुणतालिकेत सापडत नाही, ते व्यवस्थापनाने द्यायचे असते. संघाचे अध्यक्ष सॅम केनेडी आणि ब्रेस्लो पत्रकारांसमोर आले, पण संघाची भूमिका आणि खेळाडूची भूमिका जुळत नव्हती, यापलीकडे फारसे काही निघाले नाही. ब्रेग्मनला आणण्याआधी डेव्हर्सशी कोण आणि काय बोलले होते? मालक कॅन्सस सिटीला जाऊन आले, त्यानंतर महिनाभरात असे काय घडले? ही साधी विचारणा आहे. तिला भावनेचा उद्रेक म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे परतला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, तेव्हा २०२४ मध्ये वानखेडेवर काय झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवणे मला मुळीच आवडले नव्हते. पण एवढा मोठा निर्णय लोकांना विश्वासात न घेता झाला, ही त्यांची बोच मला तेव्हाही खरी वाटली होती.

डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोत १६ क्रमांकाचा सदरा घालतो, कारण ११ क्रमांक तिथे कार्ल हबेल या जुन्या पिचरच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवलेला आहे. अदलाबदलीला आठवडाही झाला नव्हता तेव्हा रेड सॉक्स तिथे खेळायला गेले, आणि २१ जूनच्या सामन्यात त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्याला, ब्रायन बेयोला, होम रन मारला. दोन्ही संघांकडून मिळून त्या हंगामात त्याचे ३५ होम रन झाले. ज्याला जागा देण्यावरून हे सारे सुरू झाले, तो ब्रेग्मनही एका हंगामानंतर करारातून बाहेर पडून शिकागो कब्जकडे गेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये रेड सॉक्सने रोमन अँथनीशी ८ वर्षांचा, १३ कोटी डॉलरचा करार केला. त्या मुलाचा खेळ पाहता ही आनंदाची बातमी आहे, आणि मला आनंद झालाही. मुलीला सांगितले, तर तिने एवढेच विचारले की, हा करार कधीपर्यंतचा आहे. तो २०३३ पर्यंतचा आहे.

आपला,
एक वाचक
फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स