दोन पास

प्रिय सुध्या,

दिवाळीतल्या तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, शिव्या भेटल्यावर घाल. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं.

'अँटिगनी' उभी राहिली एकदाची! साहित्य संघात पहिला प्रयोग झाला. थीब्झ उचलून लालबागच्या चाळीत आणलंय, १९८२ च्या संपात. सोफोक्लीसच्या मूळ ग्रीक नाटकात अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस परकी फौज घेऊन आपल्याच शहरावर, थीब्झवर चालून येतो आणि मरतो; राजा क्रेऑन त्याच्या प्रेताला कुणाला हात लावू देत नाही, आणि ही ऐकत नाही. आमचा धाकटा पोलिसांच्या गाडीतून गिरणीच्या गेटात शिरतो. आमचा क्रेऑन युनियनचा पुढारी. तो मुळातच अँटिगनीचा मामा, त्यामुळे ओढाताण करावी लागली नाही. लग्न ठरलंय ते मामाच्याच मुलाशी, तेही आपल्याकडे कुणाला खटकलं नाही. सोफोक्लीसच्या कोरसमध्ये पंधरा म्हातारे. माझ्या गॅलरीत सहा, त्यातला एक लोकलमध्ये अडकला. पाचांनी थीब्झ सांभाळलं.

तर मामा गरजतो, "फितुराला खांदा द्यायचा नाही!" आणि तिसऱ्या रांगेतून टाळी. एकट्याची, कडक. बाबांची! मग त्यांच्या मागून गिरणीच्या साळखात्यातले सगळे जुने सोबती. पास मीच वाटले होते. अँटिगनी करणारी पोरगी पितळी तांब्या घेऊन विंगेत उभी, म्हणते, "सर, हे तर मामाच्या बाजूचे!"

तू इराण्याकडे घसा फोडून सांगायचास, क्रेऑनला खलनायक केलंस की नाटक मेलं. मी तुला सरकारधार्जिणा म्हणालो आणि बिल तुझ्या गळ्यात घालून निघालो. (ते पैसे मागू नकोस.) टाळी ऐकली आणि वाटलं, जिंकलास लेका. अडीच लाख माणसं बाहेर, घरातली भांडी विकायला निघालेली, अशात एकजण आत जाऊन पगार घेतो. बाबांची टाळी खोटी कशी म्हणू?

पण शेवटी मामा आधी प्रेताचं उरकतो आणि मग पोरीकडे धावतो. मूळ नाटकातही हाच क्रम. तोवर तिने फास लावून घेतलेला. तिथे बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते. टॅक्सीत बोलले ते फक्त प्रकाशयोजनेवर. ज्या माणसाला घरातली ट्यूब कधी बदलता आली नाही तो!

आणि परवा अण्णाकाकांचा फोन. "पुढच्या प्रयोगाचे दोन पास ठेव." कुठून कळलं देव जाणे. आजीच्या श्राद्धाचे निरोपसुद्धा तूच पोचवायचास, तेव्हा तुला वेगळं काय सांगू. बाबाही पुन्हा येणारच, सदरा इस्त्रीला गेलाय. काकांना नाही म्हणालो तर मीच मामा झालो. हो म्हणावं तर ते अंधारात बसून सख्ख्या भावाची टाळी ऐकणार. ते वाक्यच गाळावं असंही डोक्यात आलं. पण गाळलं तर ती पोरगी कुणाशी भांडणार? रात्री स्क्रिप्ट उघडतो, पेन्सिल घेतो, ठेवून देतो. आईला विचारलं तर म्हणते, "मला गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत." कधी नव्हे तो कामाला आला गुडघा.

विनीचं दहावीचं वर्ष ना? गणित तू शिकवू नकोस, पोरीचं भलं होईल. वहिनींना नमस्कार. बदलीचं काय झालं ते कळव.

शनिवारी साडेसातला प्रयोग आहे, पुण्याहून दुपारची गाडी धर. काकू येणार नाहीत, त्यांचा पास तुला. काकांच्या आणि बाबांच्या मधली खुर्ची ठेवतोय. सातच्या आत येऊन बस, बाबा फार लवकर येतात.

तुझा,
दिग्या